चाकांवरच्या घरातला हिवाळा

आपल्याकडे थंडी पडली की ती आधी अंगाला जाणवते. कपाटातले स्वेटर बाहेर येतात, रस्त्याच्या कडेला शेकोट्या पेटतात. निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर उतरला की वर्तमानपत्रांत ठळक बातमी येते आणि द्राक्षबागायतदारांची झोप उडते. उणे तीस अंशांच्या मुलखात मात्र थंडी अंगाच्या आधी नळाला गाठते. तिथे सकाळी शेजारी भेटला की पहिला प्रश्न असतो, "पाणी चालू आहे का?" चाकांवरच्या घरात दोन हिवाळे काढले, तेव्हा या साध्या प्रश्नात किती काय दडलेले आहे ते मला कळले. आज त्याविषयीच तुमच्याशी बोलायचे आहे.

आमचे हे घर अमेरिकेच्या नॉर्थ डकोटा राज्यात, विलिस्टन या गावाजवळ होते. तिथून कॅनडाची सरहद्द शंभरेक किलोमीटरवर. चहूकडे गवताळ मैदान. वाऱ्याला अडवायला डोंगर नाही, झाडेही फारशी नाहीत. जानेवारीतल्या रात्री पारा सरासरी उणे १५ अंश सेल्सिअसच्या आसपास असतो आणि थंडीची लाट आली की उणे ३० च्याही खाली जातो. १९३६ साली या राज्यात फेब्रुवारीत उणे ५१ अंश आणि त्याच वर्षी जुलैत ४९ अंश तापमानाची नोंद झाली होती. पाच महिन्यांत शंभर अंशांचा फरक! अशा हवेत माणसाने घर कसे बांधावे, हे तिथले शेतकरी पिढ्यान् पिढ्या शिकत आले आहेत. जाड भिंती, खोल पाया, जमिनीखाली तळघर. आम्ही मात्र राहत होतो दोन इंची भिंतीच्या, पायाच नसलेल्या घरात.

का, ते सांगतो. या भागात जमिनीखाली 'बाक्कन' नावाचा खडकाचा थर आहे. त्यात तेल आहे हे १९५० च्या दशकापासून माहीत होते, पण ते परवडेल अशा रीतीने बाहेर काढता येत नव्हते. विहीर खोलवर नेऊन आडवी वळवायची आणि पाण्याच्या दाबाने खडकाला तडे द्यायचे, हे तंत्र जमले आणि साधारण २००८ पासून तिथे तेलाची झुंबड उडाली. २०१२ मध्ये तेलउत्पादनात नॉर्थ डकोटाने अलास्काला मागे टाकून टेक्सासच्या खालोखाल दुसरा क्रमांक मिळवला. २०१० च्या जनगणनेत विलिस्टनची लोकसंख्या होती जेमतेम १४,७१६. कामासाठी माणसे आली हजारोंनी. गावात घरे कुठून असणार? २०१४ च्या सुरुवातीला केलेल्या एका पाहणीत विलिस्टनमधल्या एका लहानशा, एका बेडरूमच्या घराचे भाडे महिना सुमारे २४०० डॉलर निघाले. न्यूयॉर्कपेक्षाही जास्त!

ऑक्टोबर २०१२ मध्ये मी तिथे तेलविहिरींवरच्या पंपांच्या वीजजोडणीवर देखरेख करायला गेलो. पत्नी बरोबर होती. भाड्याचे आकडे ऐकून आम्ही एक जुना 'ट्रॅव्हल ट्रेलर' विकत घेतला. साताऱ्याला आईला फोनवर हे सांगितले, तर ती क्षणभर गप्प झाली आणि म्हणाली, "गाडीत राहणार? म्हणजे ऊसतोडीवाल्यांसारखं?" आईचा तो प्रश्न पुढे दोन वर्षे माझ्या मनात राहिला. त्याच्याकडे शेवटी येतो.

ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे काय, ते आधी समजून घेऊ. याला स्वतःचे इंजिन नसते. पिकअप ट्रकच्या मागे जोडून तो ओढत न्यायचा. आमचा ट्रेलर २६ फूट लांब आणि ८ फूट रुंद, म्हणजे दोनशे चौरस फुटांच्या आसपास. चाळीतली एखादी बरी खोली म्हणा ना. त्यात पलंग, गॅसची शेगडी, बेसिन, न्हाणीघर, संडास असे सारे बसवलेले. पोटाखाली पाण्याच्या तीन टाक्या: एक स्वच्छ पाण्याची, एक सांडपाण्याची, एक मैल्याची. पुढच्या दांड्यावर गॅसचे दोन सिलिंडर. उन्हाळ्याच्या सुटीत कुटुंबाने तळ्याकाठी चार दिवस मुक्काम करावा, ही त्यामागची कल्पना. अमेरिकेत १९७६ पासून कारखान्यात तयार होणाऱ्या कायम वस्तीच्या घरांसाठी केंद्र सरकारचे बांधकामाचे नियम आहेत; पण ट्रेलर त्यात धरला जात नाही. कायद्याच्या दृष्टीने ते सहलीचे वाहन आहे. त्यामुळे त्याच्या भिंतींनी हिवाळा सोसलाच पाहिजे, असे कोणाचेच बंधन नाही.

ट्रेलरमध्ये वर्षभर राहणारे लोक अमेरिकेत पुष्कळ आहेत. जेसिका ब्रुडर यांचे 'नोमॅडलँड' हे पुस्तक २०१७ मध्ये आले आणि त्यावरच्या चित्रपटाला २०२१ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले, तेव्हा अशा माणसांची जगाला ओळख झाली. पण त्यांच्यातले बरेचसे हिवाळ्यात अॅरिझोनाच्या वाळवंटाकडे सरकतात. सूर्य जाईल तिकडे घर नेतात. आमच्या वस्तीवरच्या लोकांना ती सोय नव्हती. काम उत्तरेला होते, म्हणून घरही उत्तरेलाच.

वारा खालून येतो

घर उबदार ठेवायचे म्हणजे मोठा हीटर लावायचा, असे आपल्याला वाटते. ट्रेलरमध्ये पहिले काम हीटरचे नसते, जमिनीलगत मोकळी राहिलेली जागा बंद करण्याचे असते. ट्रेलर चाकांवर उभा असल्यामुळे त्याच्या पोटाखालून वारा आरपार जातो. साध्या घराच्या तळाला जमिनीची थोडी तरी ऊब मिळते. ट्रेलरला सहाही बाजूंनी थंडी लागते. पाण्याच्या नळ्या आणि टाक्या नेमक्या त्या पोटातच असतात.

इथे वाऱ्याविषयी एक गोष्ट सांगायला हवी. तापमान उणे २० पण वाऱ्यामुळे उणे ३५ 'वाटते', असे हवामानखाते सांगते. हे वाटणे माणसाच्या त्वचेचे. वारा कितीही सुटला तरी लोखंडाची नळी हवेच्या तापमानापेक्षा अधिक थंड होत नाही. पण वारा तिची ऊब भराभर पळवतो. सहा तासांत गोठणारी नळी तासाभरात गोठते. म्हणून वारा अडवला की अर्धी लढाई जिंकली.

ऑक्टोबर संपायच्या आत वस्तीवर जो तो याच उद्योगाला लागे. ट्रेलरच्या चारी बाजूंनी खालच्या कडेपासून जमिनीपर्यंत लाकडी चौकट ठोकायची आणि तिला दोन इंची फोमचे तक्ते बसवायचे. त्याला तिथे 'स्कर्टिंग' म्हणतात. ज्यांना तेवढा खर्च झेपत नसे ते गवताच्या पेंढ्या रचत. पण त्यात उंदीर शिरतात, ओल धरते आणि आगीची भीती राहते. बर्फ पडला की तो फावड्याने स्कर्टिंगला बाहेरून लावायचा. बर्फाने ऊब टिकते हे ऐकायला विचित्र वाटेल. पण भुसभुशीत बर्फात हवा अडकलेली असते आणि अडकलेली हवा हीच खरी रजई. आपल्या गोधडीचे तत्त्व हेच. फक्त दोन जागा मोकळ्या ठेवाव्या लागतात: गॅसचे सिलिंडर आणि हीटरचा धूर बाहेर सोडणारे तोंड. याचे कारण पुढे येईलच.

पाण्याची वाट

पाणी गोठताना साधारण नऊ टक्क्यांनी फुगते, हे आपण शाळेत शिकलो. म्हणून नळी फुटते, एवढेच आपल्याला ठाऊक असते. प्रत्यक्षात नळी बहुधा जिथे बर्फ धरतो तिथे फुटत नाही. नळीत एके ठिकाणी बर्फाची गुठळी तयार होते आणि वाढता वाढता पुढचे पाणी बंद तोटीकडे ढकलते. गुठळी आणि तोटी यांच्यामध्ये कोंडलेल्या पाण्याचा दाब इतका वाढतो की नळी मधेच कुठेतरी फाटते. आणि हे लगेच कळतही नाही. चार दिवसांनी ऊन पडते, बर्फ वितळतो आणि पलंगाखालून पाणी वाहू लागते. तोटी थोडी ठिबकत ठेवा, असा सल्ला थंड देशांत देतात तो याचसाठी. वाहत्या पाण्याने गोठणे लांबते हे खरे, पण मोठा फायदा म्हणजे दाबाला वाट मिळते.

आता पाणी ट्रेलरपर्यंत येते कसे? तिथे सार्वजनिक जलवाहिन्या सात-आठ फूट खोल पुरतात, कारण हिवाळ्यात वरची जमीनच गोठते. आमच्या प्रत्येक जागेशी एक उंच नळ होता. त्याची मूठ वर असते, पण झडप जमिनीखाली खोलवर. मूठ दाबून नळ बंद केला की वरच्या दांड्यातले पाणी खालच्या एका भोकातून जमिनीत झिरपून जाते आणि दांडा रिकामा राहतो. रिकाम्या नळीत गोठणार काय? इतकी साधी आणि शहाणी रचना मी क्वचितच पाहिली आहे. नळापासून ट्रेलरपर्यंतच्या रबरी नळीला मात्र विजेवर तापणारी तार गुंडाळावी लागे. फार कडाक्याच्या दिवसांत आम्ही तीही काढून ठेवत असू. दुपारी पोटातली टाकी भरून घ्यायची, नळी झटकून आत आणायची आणि छोट्या पंपावर तीन-चार दिवस भागवायचे. वीस लिटरमध्ये दोघांचा दिवस निघतो, हे दुष्काळी भागातल्या माणसाला सांगायला नको.

आलेले पाणी जाणार कुठे, हा पुढचा प्रश्न. बेसिनमधले पाणी थेट बाहेर सोडले तर ते गटाराच्या नळीतून बारीक धारेने जाते आणि बारीक धार वाटेतच गोठते. धारेवर धार चढत नळी बुजून जाते. म्हणून सांडपाण्याची झडप बंद ठेवायची, टाकी भरू द्यायची आणि मग सारे पाणी एकदम सोडायचे. लोंढ्याने जाणाऱ्या पाण्याला गोठायला वेळ मिळत नाही. मैल्याच्या टाकीचेही तेच. तिच्यात अधूनमधून गुलाबी रंगाचे न गोठणारे द्रव ओततात. मोटारीच्या रेडिएटरमध्ये घालतात ते विषारी असते. हे त्याहून वेगळे, पाण्याच्या नळ्यांसाठी केलेले. आठवड्यातून एकदा, हातात रबरी मोजे घालून, वाऱ्याकडे पाठ करून हे काम करावे लागे. आमच्या वस्तीवर वेल्डर होते, ट्रकचालक होते, भूगर्भशास्त्राची पदवी घेतलेले होते. या कामात सारे सारखे.

गॅसचा हिशोब

ट्रेलरमधला मुख्य हीटर, ज्याला तिथे 'फर्नेस' म्हणतात, गॅसवर चालतो. आपल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण असते. ब्युटेन शून्य अंशाच्या आसपासच द्रवरूप होऊन बसतो. त्याची वाफच होत नाही. म्हणून थंड मुलखात निव्वळ प्रोपेन वापरतात. तो उणे ४२ अंशांपर्यंत वाफ होऊन वर येतो, पण पारा जसजसा त्या आकड्याजवळ जातो तसतसा सिलिंडरमधला दाब मंदावतो आणि ज्योत अशक्त होते. ज्या रात्री गॅसची सर्वांत जास्त गरज, त्याच रात्री तो सर्वांत आळशी.

आमच्याकडे १३.६ किलोचे दोन सिलिंडर होते. आपला घरगुती सिलिंडर १४.२ किलोचा, म्हणजे जवळजवळ तेवढाच. आपल्याकडे तो एका लहान कुटुंबाला महिना-दीड महिना पुरतो. तिथे फर्नेस न थांबता चालली तर एक सिलिंडर २१-२२ तासांत संपतो. कडाक्याच्या थंडीत ती अर्धा वेळ तरी चालतेच, म्हणजे सिलिंडर दोन दिवसांचा. बर्फाच्या वादळात भरणा केंद्र बंद राहिले तर? म्हणून एक सिलिंडर संपला की दुसरा संपण्याची वाट कोणी पाहत नसे.

मग वीज का वापरू नये? वापरत होतो. पण ट्रेलरला येणारी जोडणी १२० व्होल्ट आणि ३० अँपिअरची, म्हणजे जास्तीत जास्त ३६०० वॉट. दीड हजार वॉटचे दोन हीटर लावले की चहासाठी विजेची किटली लावायची सोय नाही. लगेच खटका पडतो. शिवाय यात एक फसगत आहे, ती वस्तीवरचे जुने लोक नव्यांना पहिल्याच आठवड्यात समजावून सांगत. फर्नेसची गरम हवा खोलीत येण्याआधी पोटातल्या नळकांड्यातून जाते आणि जाता जाता तिथल्या टाक्यांना ऊब देते. खोली विजेच्या हीटरने उबदार झाली की फर्नेसला वाटते, आपले काम झाले. ती सुरूच होत नाही. वर माणसे गंजिफ्रॉकवर बसलेली आणि खाली नळ्या गोठलेल्या! म्हणून महाग पडली तरी फर्नेस रात्री चालू राहील असेच बेताने सारे लावायचे.

भिंतीला सुटलेला घाम

इतके करून खोली उबदार झाली की दुसरे पाणी समोर उभे राहते. ते नळातले नव्हे, हवेतले. माणूस श्वासातून आणि त्वचेतून दिवसाला पाऊण-एक लिटर पाणी हवेत सोडतो. दोन माणसांचे दीड-दोन लिटर झाले. त्यात कुकरच्या शिट्ट्या, भाताची वाफ, आंघोळ, वाळत घातलेले टॉवेल. भर म्हणून गॅस जळतानाही पाणी तयार होते: एक किलो प्रोपेन जळला की सुमारे १.६ किलो पाणी. फर्नेसचा धूर बाहेर जातो, पण शेगडीवर जळालेल्या गॅसचे पाणी खोलीतच राहते.

खोलीतली हवा २० अंशांवर असेल आणि दमटपणा निम्मा असेल, तर ९ अंशांपेक्षा थंड अशा कोणत्याही पृष्ठभागावर तिच्यातले पाणी दवासारखे जमू लागते. ट्रेलरची खिडकी, अॅल्युमिनियमची चौकट, कपाटाची मागची भिंत हे सारे ९ अंशांच्या कितीतरी खाली. सकाळी उठावे तो खिडकीच्या आतल्या बाजूला बर्फाची जाळी आणि कपाटातल्या कोटाची पाठ भिंतीला गोठून चिकटलेली. गादीखाली तर माणसाच्या अंगाची ऊब आणि तळाची थंडी यांची गाठ पडते. तिथे पाणी साचते आणि बुरशी धरते. बुरशीने खोकला लागतो, लहान मुलांना दमा बळावतो. खाली लाकडी पट्ट्या टाकून गादी उचलून घेणे, कपाटांची दारे उघडी ठेवणे, खिडक्यांना आतून पातळ प्लास्टिक ताणून बसवणे हे सारे उपाय हवा खेळती ठेवण्याचे.

सर्वांत गुणकारी उपाय मात्र ऐकणाऱ्याला वेडेपणाचा वाटतो: बाहेर उणे २० असताना छताची झडप बोटभर उघडी ठेवायची. याचे कारण असे. २० अंशांची हवा दर घनमीटरला १७ ग्रॅम पाणी धरू शकते. उणे २० ची हवा जेमतेम एक ग्रॅम. म्हणजे बाहेरची हवा कितीही थंड असली तरी कमालीची कोरडी असते. ती थोडी आत येऊन गरम झाली की स्पंजासारखी ओल टिपते आणि वरच्या झडपेतून निघून जाते. थोडा गॅस जास्त जळतो, पण घर कुजत नाही. पत्नीने स्वयंपाकाची रीतही बदलली. कुकरच्या शिट्ट्यांऐवजी झाकण ठेवून मंद आचेवर शिजवणे, पदार्थ कमी आणि एकाच भांड्यात, आणि शेगडी पेटली की वरचा पंखा चालू.

वास नसलेला वायू

झडप उघडी ठेवण्याचे आणखी एक कारण आहे आणि ते जिवाशी निगडित आहे. गॅस, कोळसा, लाकूड, पेट्रोल यांपैकी काहीही अपुऱ्या हवेत जळले की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातले हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीने त्याला धरून ठेवते. मग श्वास चालू असूनही शरीराला ऑक्सिजन मिळत नाही. डोके दुखते, मळमळते, झोप येते. बारा तासांची पाळी करून आलेल्या माणसाला ही सारी लक्षणे थकव्याचीच वाटतात आणि तो झोपून जातो. त्यातून तो उठेलच असे नाही.

२०१३ च्या फेब्रुवारीत एका वादळी रात्री आमच्या ओळीतल्या एका कुटुंबाने दोन वाजता आमचे दार वाजवले. नवरा-बायको आणि चार वर्षांची मुलगी, तिघेही पांघरुणे लपेटून बाहेर उभे. त्यांच्या ट्रेलरमधला कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारा भोंगा वाजू लागला होता. वाऱ्याने लोटलेला बर्फ फर्नेसच्या धुराच्या तोंडाशी साचला होता आणि धूर आत वळत होता. मुलीला उलटी झाली होती. आईला वाटले होते, जेवण बाधले. अग्निशमन दलाचे लोक मापक घेऊन आले, त्यांनी दारे-खिडक्या उघडायला लावल्या आणि तिघांना दवाखान्यात नेले. मुलगी दोन दिवसांत खेळायला लागली. त्या भोंग्याची किंमत होती पंचवीसेक डॉलर. दुसऱ्या दिवशी वस्तीवरचा प्रत्येक माणूस फावडे घेऊन आपल्या धुराचे तोंड मोकळे करताना दिसला. त्यानंतर वादळाच्या रात्री दोघादोघांनी पाळीपाळीने सगळ्या ओळीवरून फेरी मारायची, असा रिवाजच पडला.

हे ऐकून 'हे परदेशातले' असे म्हणू नका. आपल्याकडेही बंद न्हाणीघरातल्या गॅस गीझरमुळे आणि दारे-खिडक्या लावून खोलीत ठेवलेल्या कोळशाच्या शेगडीमुळे माणसे दगावतात. वायू तोच, कारण तेच, आणि 'चक्कर आली असेल' हा समजही तोच.

कामाची किंमत, घराची किंमत

आता आईच्या प्रश्नाकडे येतो. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर, जालना या भागांतून लाखो ऊसतोड मजूर कारखान्यांच्या दिशेने निघतात. उसाच्या पाचटाच्या, वर प्लास्टिक अंथरलेल्या कोप्यांमध्ये सहा महिने राहतात. विलिस्टनच्या वस्तीची आणि त्यांची तुलना पूर्ण जुळत नाही, हे मी जाणतो. तिथल्या साध्या चालकालाही चांगला पगार होता, आमच्या डोक्यावर पक्के छत होते, वीज होती. ऊसतोडीच्या मजुराला यातले काहीच मिळत नाही. तरी आईने जी गोष्ट ओळखली ती खरी होती. काम मोठे, गरजेचे, साऱ्या राज्याला श्रीमंत करणारे. आणि ते करणाऱ्याने राहायचे कुठे, हा मात्र ज्याचा त्याचा खाजगी प्रश्न.

चांगले घर काय करते, हे मला ट्रेलरने शिकवले. पक्क्या घराची भिंत, पाया, धुराडे, गटार ही रात्रंदिवस मुकाट्याने काम करत असतात. पाणी गोठू देत नाहीत, ओल साचू देत नाहीत, धूर आत येऊ देत नाहीत. हे काम करणारे घर नसेल तर ते काम नाहीसे होत नाही. ते माणसाच्या अंगावर येते. मी एकदा आठवडाभर वहीत टिपून पाहिले. बर्फ लोटणे, सिलिंडर भरून आणणे, टाक्या रिकाम्या करणे, पाणी भरणे, खिडक्या पुसणे यांत रोजचे सरासरी दीड तास जात होते. बारा तासांच्या पाळीनंतरचे दीड तास. शिवाय रात्री फर्नेसचा आवाज थांबला की दचकून जागे होणे वेगळेच. तीन ट्रेलर पलीकडे राहणारे एक वयस्क वेल्डर म्हणत, "आम्ही दोन नोकऱ्या करतो. एकीचा पगार मिळतो."

जानेवारी २०१४ मध्ये उत्तर ध्रुवाकडची थंड हवा अमेरिकेच्या मध्यापर्यंत खाली उतरली. त्या आठवड्यात आमच्या ओळीतल्या तीन कुटुंबांनी बायकामुलांना नातेवाइकांकडे धाडून दिले आणि पुरुष मागे राहिले. त्या एप्रिलमध्ये आम्हीही तिथून हललो. त्याच वर्षी राज्याचे तेलउत्पादन दिवसाला दहा लाख पिंपांवर गेले आणि वर्ष संपता संपता तेलाचे भाव निम्म्यावर कोसळले. ट्रेलरच्या कित्येक वस्त्या ओस पडल्या. पण गाव ओस पडले नाही. त्या सहा वर्षांत गावात हजारो पक्की घरे, शाळा, गटारे, रस्ते झाले. २०२० च्या जनगणनेत विलिस्टनची लोकसंख्या २९,१६० भरली, म्हणजे दहा वर्षांत जवळजवळ दुप्पट. ज्यांना वेळेवर घर मिळाले, ती माणसे भाव कोसळल्यावरही राहिली. ज्यांना मिळाले नाही, त्यांनी ट्रकला ट्रेलर जोडला आणि निघून गेली.

तुमच्यापैकी कोणी नोकरीनिमित्त थंड देशात जाणार असेल आणि भाडे वाचवायला ट्रेलर घेण्याचा विचार करत असेल, तर त्याला माझे एवढेच सांगणे आहे: भाड्यात वाचणाऱ्या पैशांच्या शेजारी रोजच्या दीड तासांचा हिशोब मांडा, पहिली खरेदी भोंग्याची करा आणि ऑक्टोबरच्या आत घराचे पोट झाकून घ्या. आणि जे कुठेच जाणार नाहीत, त्यांनी आज आपल्या न्हाणीघरात जाऊन पाहावे. गॅस गीझर आत बसवला असेल तर तो बाहेर काढून घ्यावा. ते होईपर्यंत पाणी बाहेरच बादलीत भरून, गीझर बंद करून मगच आंघोळीला जावे. शेजारी नवा भाडेकरू आला असेल, तर त्यालाही हे सांगून ठेवावे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)